धुरात पिकवलेली द्राक्षं

फाल्गुन लागला की धुळ्याच्या बाजारात नाशिककडची द्राक्षं उतरतात. बांबूच्या करंड्या, आत वाळलं गवत, वर ओलं फडकं. गाडीवाला फडक्याचा कोपरा उचलतो, घडातला एक मणी तोडतो आणि माझ्यापुढे धरतो. "चाखून पाहा, मास्तर. साखर आहे साखर." मी हात पुढे करत नाही. घ्यायची असली तर तोलून घेतो, नसली तर चालू लागतो. माझ्याबरोबरचे शिक्षक याला माझा ताठा म्हणतात. घराण्यात पहिल्यांदा बी.एस्सी. झालेल्या माणसाला ताठा असायचाच, असं त्यांचं मत आहे. ते मी खोडून काढत नाही. ताठा आहे. माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी ती चढलो ती कुणाच्या खांद्यावर बसून नाही.

पण त्या एका मण्याला नाही म्हणण्यात ताठा नसतो. ओल्या गवताच्या वासाखालून मला गोवरीच्या धुराचा वास येतो. द्राक्षाला गोवरीचा वास, असं कुणाला सांगायला जावं तर तो हसेल. हसण्यासारखंच आहे. एका होळीला आमचं अख्खं गाव हसलं होतं.

आमचं गाव सावद्याच्या बाजूला. तिकडे सगळा कारभार केळीचा. बागेभोवती शेवरीची दाट भिंत, आत शिरलं की भर उन्हात गारवा, पायाखाली चिखल आणि डोक्यावर पानांची फडफड. आमचं घर मोठं, एकत्र, आणि घरात शब्द चाले तो भाऊंचा. भाऊ म्हणजे माझे थोरले काका. माझ्या वडिलांसकट सगळं घर त्यांना भाऊच म्हणे. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. दोघा भावांत वयाचं अंतर फार नव्हतं, पण भाऊ बोलायचे आणि नाना ऐकायचे, हे इतकं जुनं होतं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नानांना तर नसेच.

कापणी भाऊंशिवाय होत नसे. ते घडाखाली उभे राहत, मधल्या फणीतल्या एका केळ्यावरून अंगठा फिरवत. कच्च्या केळ्याला धारा असतात. त्या धारा बोथट झाल्या, पण अजून पुऱ्या गेल्या नाहीत, असं अंगठ्याला लागलं की भाऊ म्हणत, "बारा आने भरलं. काप." उरलेले चार आणे वाटेत भरायचे. घड हिरवाच वॅगनीत चढायचा आणि दूर उत्तरेकडे पिवळा होऊन उतरायचा. झाडावर पिवळं झालेलं केळं ही आमच्याकडे लाजेची गोष्ट. साल तडकते, माश्या घोंघावतात, आणि रस्त्यानं जाणारा हटकून विचारतो, "का हो, घरात कोनी आजारी हाये का?" लग्नाला, जत्रेला पिवळी केळी हवी असली तर तीही हिरवीच कापायची. घरामागं एक मातीची खोली होती. तीत घड रचायचे, कोपऱ्यात मडक्यामध्ये गोवऱ्या धुमसत ठेवायच्या आणि दार शेणामातीनं लिंपून टाकायचं. मग काही दिवसांनी दार फोडलं की आतून असा गरम, गोड वास अंगावर येई, की पोरं उगाचच उड्या मारत.

फळ कापायचं हिरवं आणि गोड करायचं घरात. याच्यापलीकडे फळाबद्दल गावाला काही ठाऊक नव्हतं. गरजही पडली नव्हती.

माझी आई चाळीसगावकडची. तिचं बोलणं 'शे'चं, आमचं 'हाये'चं आणि केळीला 'केयी' म्हणणारं. लग्न होऊन आल्यापासून घरातल्या बायका तिची नक्कल करत आल्या आणि तिनं हट्टानं 'शे' सोडलं नाही. तिच्या माहेरी जाताना वाटेत रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाचा बंगला लागे. कुंपणाच्या आत द्राक्षाचे वेल होते. साहेबानं ते म्हणे आपल्या मुलखातून आणवलेले. पांढऱ्या द्राक्षाची कसलीशी जात होती. तिचं खरं नाव साहेब घ्यायचा, पण ते माळ्याच्या तोंडात कधी बसलं नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही. मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, घड मात्र इतका गच्च की मण्याला मणी चेपलेला. पांढरं म्हणायचं एवढंच. कच्चं असताना ते गवतासारखं हिरवं आणि पुरतं पिकलं की मधासारखं, उन्हात धरलं तर आतली बी दिसेल असं. साहेब त्याची दारू गाळायचा, आपल्यापुरती. फिकट पिवळी, पाण्याला जरा ऊन लागावं तशी. माळ्याला एकदा घोटभर मिळाली होती. त्याला ती आंबट लागली आणि साहेब तिच्यात काय बघतो ते कळलं नाही.

स्वातंत्र्य आलं, साहेब गेला. वेल राहिले, माळी राहिला. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात नाना सासुरवाडीला गेले असताना त्या कुंपणाशी थांबले. का थांबले ते सांगता येत नाही. परक्याच्या कुंपणाशी थांबणारा माणूस नव्हे तो. माळ्यानं वेलावर राहिलेला एक पिकला घड हातात दिला आणि वर बजावलं, "नाना, ह्या खावाना नहीत, पेवाना शेतस." म्हणजे ही खायची नव्हेत, प्यायची आहेत.

नानांनी तो घड उभ्या उभ्या संपवला. आई बरोबर होती. ती अजून सांगते, "तेसनं तोंडच बदली गयं." बिया थुंकायचंही भान राहिलं नाही म्हणे. ज्या माणसानं आयुष्यात कधी भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं नाही, जे वाढलं ते खाल्लं, जे दिलं ते नेसलं, त्याला तिथं, त्या कुंपणाशी, चाळिशी उलटल्यावर, पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं. येताना त्यांच्या खांद्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या काड्यांची मोळी होती.

विहिरीजवळच्या तुकड्यासाठी नानांनी भाऊंपाशी शब्द टाकला तो जेवताना, ताटात बघत. भाऊंचा घास हातातच राहिला.

"कसाले? सरकारनं दारूबंदी आनली, आन तू दारूचं झाड लावतो?"

"दारूले नही, भाऊ. खायाले."

"खायाले केयी नही का घरात?"

नाना ताटातली भाकरी मोडत राहिले. भाऊंना त्यांची कीव आली की गंमत वाटली, कोण जाणे. म्हणाले, "बरं. लाव. पन पह्यलं फळ लोकाईनं तोंडात घातलं आन थुकलं, त वेल उपटाचे आन केयी लावाची. मंग तोंड पाडू नको."

"नही पाडनार."

एवढंच ठरलं. पण त्या दिवसापासून तो तुकडा नानांचा झाला. कागदावर नव्हे, बोलण्यात. "नानाच्या तुकड्यात ढोर शिरलं," असं बायका म्हणू लागल्या. घरात नानांच्या नावानं बोलली जाणारी ती पहिली जागा.

वेलाला आधार म्हणून नानांनी पांगाऱ्याचे खुंट रोवले. पांगारा नुसता रोवला तरी फुटतो, म्हणजे खांबच जिवंत. दर खुंटाशी एक वेल. गावाला रिकामपण होतंच. जो तो बांधावर येऊन उभा राही. "नाना, पह्यली बाटली कोनाची?" "पाटलाले आंधी पाज, मंग धरनारच कोन?" त्या तुकड्याला लोक 'दारूचा मया', म्हणजे दारूचा मळा, म्हणू लागले. नाना हसत. त्यांना हसताना मी तोवर फारसं पाहिलं नव्हतं. दात चांगले होते त्यांचे.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी वेल छाटले तेव्हा तर बायकांनी कपाळाला हात लावला. केळीच्या माणसाला छाटणी ठाऊक नाही. हिरवागार वेल आणि हा माणूस कात्रीनं त्याची नुसती बोटं ठेवतो. "मारलं की हो झाड," असं म्हणत माझी काकू दोन दिवस उदास होती. मग त्या बोटांना कापसासारखे मऊ कोंब आले. रोग पडू नये म्हणून नाना मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारत. हात कोपरापर्यंत निळे, धोतरावर निळे ठिपके. भाऊ ओट्यावरून म्हणत, "पाहा, आमच्या घरात किस्न जन्मला. बासरी तेवढी राह्यली." आणि नाना निळ्या हातानं कपाळावरचा घाम पुसत, म्हणजे कपाळही निळं होई.

मी जळगावला शिकत होतो. शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. पुस्तकांची पिशवी घेऊन होळीच्या आधी घरी आलो, कारण खोलीत उकाड्यानं अभ्यास होत नव्हता. पहिल्या सकाळी मळ्यात गेलो आणि बांधावरच थांबलो. पांगाऱ्याची पानं झडून गेलेली, नुसती लाल फुलं, आणि त्या लालीखाली वेलांची हिरवी पानं आणि पानांआड घड. पहिलंच धरलेलं पीक. मैना, साळुंक्या फुलांवर तुटून पडलेल्या, पाकळ्या खाली घडांवर सांडलेल्या. केळीच्या बागेत अंधार असतो. इथं मात्र ऊन जमिनीपर्यंत येत होतं. मी शहरात राहिलेला, पुस्तकं वाचलेला माणूस, मला वाटलं, आमच्या गावात इतकं देखणं काही याआधी कुणी केलेलं नाही.

नाना आत होते. त्यांनी एका घडातला मणी तोडला, तोंडात टाकला, चावला, बी तळहातावर काढून बघितली आणि थुंकले.

"हे काय करता, नाना?"

"साहेब असाच करे म्हने, रोज सकायी. बी पाहाची. हिरवी हाये तवलक हात लावाचा नही. बदामासारखी भुरी झाली की मंग."

"आता कशी आहे?"

"हिरवी." त्यांनी तळहात पुढे केला. "अजून ऊन खाऊ दे. गुढीपाडव्याच्या आंगंमागं होईन." मग जरा थांबून, मी कुणी परका असल्यासारखं लाजत म्हणाले, "पिकलं ना, की मंग तू पाह्यशीन."

बापलेकांमध्ये इतकं मोठं बोलणं आमच्यात आधी झालं नव्हतं. पुढेही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ मळ्यात आले. त्यांना कौतुक होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. खोटं लिहायचं नाही. त्यांनी सगळे वेल फिरून पाहिले, एका घडाखाली उभे राहिले आणि सवयीनं अंगठा फिरवला. द्राक्षाच्या मण्याला धार नसते. भाऊंचा अंगठा त्या गोल, टणक मण्यावरून दोनदा फिरला, काही सापडलं नाही, तरी तोंडातून निघालं तेच निघालं.

"बारा आने भरलं. उद्या कापा."

नाना खाली बघत होते.

"होयीले गावाले खाऊ घालू," भाऊ म्हणाले. "नान्याचं पह्यलं फळ हाये. धुरात ठेवलं की होयीलोग पिकीन. इथं ठेवलं त पोपट खातीन, नहीत वारं लागीन."

मी म्हणालो, "भाऊ, द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही."

"काय?"

"केळ्यात पीठ असतं. ते तोडल्यावर त्याची साखर होते. द्राक्षात तसं नसतं. वेलावर जेवढं गोड झालं तेवढंच. नंतर नुसतं सुकेल."

"पीठ हाये केयात?" भाऊ हसले. बरोबरचे गडीही हसले. "तुह्या कॉलेजात केयाच्या भाकरी करतेत का रे?"

"ऊस कोवळा तोडला तर घरात ठेवून गोड होतो का, भाऊ?"

"ऊस फळ हाये का?"

"बोरं घ्या. कच्चं बोर घरात पिकतं का?"

"बोरं पोरं खातेत. मी तुह्या जन्माच्या आंधीपासून माल कापतो. मले नको शिकवू." आणि मग आवाज न चढवता ते नानांकडे वळले. "तू सांग, नान्या. तुहा मया हाये. कापाचं का नही?"

तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. नानांच्या तळहातावर त्याही सकाळची बी अजून होती. हिरवी. त्यांनी फक्त हात उघडायचा होता. भाऊंनी विचारलं होतं, खरोखर विचारलं होतं. ते ऐकणारच नव्हते असं मी म्हणणार नाही. मळ्याचा मालक म्हणून कुणी नानांकडे पाहिलं असेल तर त्या वेळी. आणि नानांनी हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "कापनी तुहीच, भाऊ. मी कोन सांगनारा."

मी वर्गात दर वर्षी फळांचा धडा शिकवतो. तोडल्यावर पिकणारी आणि तोडल्यावर न पिकणारी. मुलांना कळतं. न कळलं तर पुन्हा सांगतो. नकळतेपणाचा मला राग नाही. नकळतेपण घालवता येतं, त्यासाठीच मी पगार घेतो. भाऊंना ठाऊक नव्हतं आणि ते चुकले. त्यांच्या अंगठ्याला आयुष्यभर ज्या फळानं साथ दिली त्याच्यावरून त्यांनी सगळी फळं ओळखली. असं कुणीही चुकेल. पण नानांना ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प राहणाऱ्या माणसाला कुठल्या धड्यात शिकवायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

घड उतरले. टोपल्या भरल्या. त्या मातीच्या खोलीत खाली कडुलिंबाचा पाला अंथरून, वर द्राक्षं आणि पलीकडे होळीसाठी केळीचे घड. दार लिंपायला शेणमाती कालवली ती नानांनी. कुणी सांगितलं नव्हतं. बोटांनी गुळगुळीत करत त्यांनी एक फट ठेवली नाही. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. एक ओळ वाचली नाही.

होळीच्या दिवशी सकाळी दार फोडलं. गाव आलेलं होतं, बायका कडेवर पोरं घेऊन, म्हातारे काठ्या टेकत. दारूच्या मळ्याचं फळ बघायचं होतं सगळ्यांना. पहिल्यांदा आला तो केळ्यांचा वास, नेहमीचा, गरम. लोक खूश झाले. भाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग टोपल्या बाहेर आल्या. पाला करपल्यासारखा झालेला. मण्यांवर सुरकुत्या, आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडावर असतात तशा. अर्धे मणी देठ सोडून टोपलीच्या तळाशी. रंग हिरवाच, फक्त मळकट. आणि सगळ्याला गोवरीचा वास.

कुणी पुढे होईना. तेव्हा नाना पुढे झाले. त्यांनी एक घड उचलला, पहिला मणी तोंडात टाकला, मग दुसरा. गाव बघत होतं. सावकाश, एकेक मणी, बिया न थुंकता त्यांनी पूर्ण घड संपवला. चाळीसगावच्या कुंपणाशी खाल्ला होता तसाच. नुसता देठ हातात राहिला.

"कसं हाये, नान्या?" भाऊंनी विचारलं.

"गोड हाये," नाना म्हणाले.

मग लोकांनी घेतलं. पोरांनी तोंडं वेडीवाकडी केली. एक म्हातारा बाजूला जाऊन थुंकला. कुणीतरी म्हणालं, "नाना, याच्यापक्षा दारूच बरी व्हती." आणि जे हसू फुटलं ते आवरेना. बायकांनी पदर तोंडाला लावले. पोरं एकमेकांना मणी फेकून मारू लागली. होळीच होती, नाही कुणी म्हणायचं? आणि त्या हसण्यात भाऊंचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला धरलं.

"तू सांग रे, शास्त्रवाल्या. गोड हाये का नही?"

मी एक मणी खाल्ला. म्हणालो, "आंबट आहे. आणि आंबटच राहणार होतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे कितीतरी दिवस पाहिलं नाही. घरातल्यांचं म्हणणं पडलं की बाप गोड म्हणतो तर पोरानं चारचौघांत गोड म्हणावं, त्याला शिकून एवढंही कळू नये. मला ते आजही मान्य नाही. गावानं थुंकलेली वस्तू मी गोड म्हटली असती तर ती गोड झाली नसती, खोटं बोलणारे तेवढे दोघं झाले असते. मला त्याची टोचणी नाही. टोचतं ते वेगळंच आहे.

परीक्षा देऊन मी परत आलो तेव्हा चैत्र सरत आला होता. वेल अजून उभे होते. ऊन आणखी चढलं की उपटायचे, असं ठरलं होतं. दुपारी उगाच मळ्यात गेलो. शेवटच्या ओळीत, पांगाऱ्याच्या दुबेळक्यात, कापणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला एक घड लोंबत होता. पोपटांनाही तो दिसला नव्हता. हातात घेतला तर मधाच्या रंगाचा. उन्हात धरला, आतली बी दिसली. भुरी.

मी तो झाकून घरी आणला आणि ओसरीवर नानांच्या पुढे ठेवला. आई सुपात डाळ निवडत होती. तिनं एक मणी उचलून तोंडात टाकला आणि तिचे हात थांबले.

"गोड शे," ती म्हणाली. नानांना नव्हे, मलाही नव्हे. सुपाला म्हणाल्यासारखी.

मी म्हणालो, "नाना, भाऊंना दाखवू. हे एकच पुरे आहे. वेल राहतील."

नाना घडाकडे बघत राहिले. हात लावला नाही. मग हळूच म्हणाले, "भाऊले सांगू नको."

"का?"

"त्याले वाईट वाटीन. गावासमोर त्यानं कापलं. आता हे दाखवाचं म्हंजे त्याले खोटं पाडाचं." आणि मग, मला समजावत असल्यासारखं, "अरे, त्यानं माह्यासाठीच केलं व्हतं."

आईनं सूप खाली आपटलं. "सारा जलम भाऊले इचारामाच गया," ती म्हणाली. मग तिनं तो घड मांडीवर घेतला आणि एकटीनं खाल्ला, शेवटच्या मण्यापर्यंत, आम्हा दोघांकडे पाठ करून. साहेबाचं द्राक्ष आमच्या मातीत पिकलं होतं. ते कसं लागतं हे आमच्या घरात फक्त तिला ठाऊक आहे.

पावसाच्या आधी वेल निघाले. पहिली कुदळ नानांनी घातली. तोंड पाडणार नाही असं त्यांनी म्हटलं होतं आणि पाडलं नाही, शब्दाचा माणूस. मुळ्या खोल गेल्या होत्या, तोडताना ओल्या लाकडाचा वास येत होता. पांगारे तेवढे भाऊंनी ठेवले. म्हणाले, वारं अडवतीन. मध्ये केळी लागली. ती उत्तम आली, आणि तो तुकडा पुन्हा घराचा झाला. 'नानाच्या तुकड्यात' असं म्हणायचं बायका हळूहळू विसरल्या. गाव मात्र विसरलं नाही. अजून कुणाला पत्ता सांगायचा तर "दारूच्या मयाच्या पलीकडं" असं सांगतात, आणि नवी पोरं विचारतात, तिथं दारू गाळायचे का. दर फाल्गुनात त्या काळोख्या बागेच्या मध्येच लाल फुलांच्या ओळी पेटतात. खाली त्यांच्या आधारानं चढणारं काही नाही.

भाऊ गेले, त्याला दोन वर्षं झाली. जाताना नानांचा हात त्यांच्या हातात होता. मला मागाहून तार आली आणि मी पोचलो तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. त्यांना बघून वाटलं, आता हा माणूस काय विचारेल आणि कुणाला.

यंदा मी बाजारात त्या गाडीवाल्यापाशी थांबलो. चाखलं नाही, पण अख्खी करंडी घेतली आणि सुट्टीत गावी नेली. चाळीसगावला गाडी बदलली आणि करंडी मांडीवर धरून बसलो. भुसावळपासून उन्हाच्या झळा खिडकीतून येत होत्या, म्हणून वरचं फडकं पुन्हा पुन्हा ओलं केलं. कशासाठी एवढं, हे मी स्वतःला विचारलं नाही. एवढंच मनात होतं की आता घरात कुणी खोटं पडायचं राहिलेलं नाही. आता बोलता येईल.

नाना थकले आहेत. नजर अधू झाली, पण दात अजून शाबूत. मी करंडी उघडून पुढे ठेवली. आईनं एक घड उचलला आणि खाऊ लागली. नानांनी एकच मणी तोडला. तोंडात टाकला. चावला, आणि मग त्यांचा हात आपोआप तोंडाशी गेला, बी तळहातावर आली. हात डोळ्यांजवळ नेऊन ते तिच्याकडे बघत राहिले. भिंतीवर भाऊंची तसबीर होती, तिला आईनं सकाळीच हार घातला होता.

बी भुरी होती. मला लांबून दिसली. त्यांना तर दिसलीच असणार.

नानांनी हात धोतराला पुसला आणि करंडी माझ्याकडे सरकवली.

"आंबट हाये," ते म्हणाले.